एकट्याने काशी, कमी खर्चात: आधी वेळ ठरवा, मग ठिकाण

काशीला एकटं जाऊन आलेल्या बऱ्याच जणांची परत आल्यावर एकच तक्रार असते: "ऐकलं होतं तसं काही खायला मिळालं नाही." खोदून विचारलं की कळतं, कचोरी खायला ते साडेअकराला गेले, मलइयो (थंडीत मिळणारा दुधाचा फेस) मार्चमध्ये शोधत होते आणि नावेत बसले ते भर दुपारी. ठिकाणांची यादी बरोबर होती, वेळा चुकल्या. या शहरात कढई, नदी, देऊळ आणि गल्ली या प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे आणि ती कोणासाठी बदलत नाही. म्हणून पुढचे टप्पे तुम्ही ज्या क्रमाने निर्णय घ्यायचे त्या क्रमाने दिले आहेत. हिशेब चार दिवसांचा आणि चार रात्रींचा आहे.

टप्पा १: महिना आणि वार

खाण्यासाठी जायचं असेल तर थंडी गाठा. मलइयो, चूडा-मटर, निमोना हे सगळे थंडीचे पदार्थ. पण डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर उत्तरेत दाट धुकं पडतं, गाड्या कित्येक तास उशिरा धावतात आणि पहाटेच्या नावेतून समोरचा घाटही दिसत नाही. त्यामुळे नोव्हेंबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ.

कार्तिक पौर्णिमेची देवदिवाळी, महाशिवरात्र आणि श्रावण या दिवसांत खोल्यांचे भाव चढतात आणि गर्दीत एकट्या माणसाची दमछाक होते. बेत स्वस्तात बसवायचा असेल तर या तारखा सोडा. पावसाळ्यात गंगा चढली की घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही आणि नावाही बंद ठेवतात. म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये गेलात तर अर्धी काशी पाहायची राहते.

वाराकडे लोक बघतच नाहीत. सारनाथचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातलं भारत कला भवन रविवारी बंद. सोमवारी विश्वनाथाला आणि मंगळवार-शनिवारी संकटमोचन हनुमानाला रांगा लांब असतात. हे सगळं जुळवलं तर बुधवारी पहाटे पोहोचणं सोयीचं पडतं: गुरुवारी नाव आणि गल्ल्या, शुक्रवारी विश्वनाथ आणि कला भवन, शनिवारी सारनाथ.

टप्पा २: तिकीट

रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. मुंबईहून जाणाऱ्यांना महानगरी एक्स्प्रेस सोयीची आहे. स्लीपरचं भाडं सातशे-आठशेच्या घरात जातं. ही गाडी मध्यरात्रीनंतर सुटते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वाराणसीला पोहोचते. नेमकी इथेच चूक होते. तिकिटावर मंगळवारची तारीख असेल तर घरून सोमवारी रात्री निघायचं. मंगळवारी रात्री बॅग घेऊन फलाटावर उभे राहिलेले लोक मी स्वतः पाहिले आहेत. गाडी त्याआधी चोवीस तास गेलेली असते.

दुसरा घोळ स्टेशनांच्या नावांचा. वाराणसी जंक्शन म्हणजे स्थानिकांच्या तोंडचं "कँट". बनारस हे वेगळं स्टेशन आहे, जुनं मंडुवाडीह. काशी हे तिसरं. आणि पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शन म्हणजे पूर्वीचं मुगलसराय. तिथे उतरलात तर शहरात यायला गंगा ओलांडून पंधरा-सोळा किलोमीटर यावं लागतं.

तपासणी: जाण्याचं आणि परतीचं तिकीट शेजारी ठेवून तारीख, वार आणि स्टेशन मोठ्याने वाचा. परतीच्या गाडीनंतर दुसरी गाडी किंवा विमान गाठायचं असेल तर मध्ये किमान अर्धा दिवस मोकळा ठेवा.

टप्पा ३: मुक्काम

स्वस्त म्हणून स्टेशनजवळ राहू नका. खोलीत वाचलेले दोनशे रुपये रिक्षात जातात आणि पहाटे साडेचारला उठून घाटावर जाण्याची इच्छा मरते. दोनच भाग विचारात घ्या. अस्सी हा घाटांचा दक्षिण टोकाचा भाग: गल्ल्या जरा मोकळ्या, हॉस्टेल भरपूर, विद्यार्थ्यांची वस्ती, रात्री नऊ-दहापर्यंत जाग. गोदौलिया-दशाश्वमेध हा मधला भाग: देऊळ, बाजार, चाट सगळं पायाखाली, पण गजबज प्रचंड आणि वाहन दारापर्यंत येत नाही. पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्याला, विशेषतः बाईला, मी अस्सीच सुचवेन. हॉस्टेलमधला बेड साधारण चारशे ते सातशे रुपयांत मिळतो.

आपल्याकडच्या लोकांचा भर धर्मशाळेवर असतो. तो चुकीचा नाही, पण तीर्थक्षेत्रातल्या बऱ्याच धर्मशाळा एकट्या माणसाला खोली देत नाहीत. दारात पोहोचल्यावर हे कळलं तर बॅग पाठीवर घेऊन गल्लोगल्ली फिरण्यावाचून गत्यंतर नसतं. आधी फोन करा, "एकटा आहे" किंवा "एकटी आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा आणि होकार देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

इशारा: स्टेशनबाहेर "ते हॉटेल बंद झालं", "तिकडे रस्ता बंद आहे" असं सांगून दुसरीकडे नेणारे भेटतात. मुक्कामाच्या ठिकाणी फोन लावा आणि तिथल्या माणसाकडूनच खात्री करा.

टप्पा ४: पिशवी, पैसे आणि एक कागद

पाठीवर मावेल एवढंच सामान घ्या. घाटांच्या पायऱ्यांवर चाकांची बॅग ओढता येत नाही. चामड्याऐवजी चटकन काढता येणाऱ्या चपला, ओल्या दगडावर न घसरणाऱ्या. थंडीत पहाटे नावेत वारा झोंबतो, कानटोपी लागतेच.

रोजचा खर्च मी असा धरते: बेड पाचशे, खाणं साडेतीनशे, रिक्षा दीडशे, नाव-तिकिटं-किरकोळ दोनशे. बाराशेत दिवस निघतो. क्यूआर कोड पानाच्या टपरीवरही असतो, पण जुन्या गल्ल्यांत उंच भिंतींमुळे नेटवर्क जातं, म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा मिळून पाचशे रुपये रोज खिशात असू द्या.

आता तो कागद. त्यावर मुक्कामाचं नाव, जवळची खूण, तिथला फोन नंबर आणि घरचा एक नंबर हाताने लिहा. विश्वनाथाच्या दर्शनाला फोन नेता येत नाही आणि बरोबर कोणी नसलं की रस्ता, पैसे, संपर्क हे सगळं फोनबरोबर जातं. चार घड्यांचा हा कागद मला दोनदा उपयोगी पडला आहे.

टप्पा ५: पहिला दिवस फक्त अस्सीचा

पोहोचलात की बॅग मुक्कामी टाका आणि थेट अस्सी घाटावर जा. तिथे "सुबह-ए-बनारस" हा रोजचा कार्यक्रम पहाटे असतो: आरती, मग शास्त्रीय गायन किंवा वादन, मग योगासनं. तिकीट नाही. बहुतेक जण आरती संपली की उठतात आणि गाणं ऐकायचं राहून जातं. तुम्ही बसून राहा. बासरी किंवा सतार सुरू असताना समोर, नदीपलीकडून सूर्य वर येतो.

नंतर नाश्ता, झोप, आणि दुपारी जवळच भदैनीतलं राणी लक्ष्मीबाईंच्या जन्मस्थानाचं स्मारक. त्या दिवशी याहून जास्त काही ठेवू नका. अठ्ठावीस तासांच्या प्रवासानंतर लगेच दशाश्वमेधच्या गर्दीत शिरलेला माणूस चिडतो, आणि चिडलेला माणूस घासाघीस न करता मागतील तेवढे पैसे देऊन टाकतो.

टप्पा ६: खाण्याचं घड्याळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

सकाळी सात ते नऊ: कचोरी-भाजी आणि जिलेबी. मोठी कचोरी म्हणजे उडदाच्या डाळीची पिठी भरलेली, सोबत बटाटा-हरभऱ्याची रस्सा भाजी. नऊनंतर भाजी आटते, कचोरी निवते, दहा-साडेदहाला कढई उतरते. ठठेरी बाजार आणि चौकाचा परिसर यासाठी उत्तम. प्लेट बहुधा दोन-चार नगांची असते. एकट्याने ती संपवली की पुढचे तीन तास काही खाववत नाही. म्हणून "एक ही कचौड़ी दीजिए" असं सरळ सांगा; देतात.

थंडीत सकाळी, कचोरीनंतर लगेच: मलइयो. आटवलेलं दूध रात्री दवात ठेवतात, पहाटे घुसळतात आणि वर येणारा केशरी फेस मातीच्या कुल्हडात भरून देतात. तोंडात घातला की चावायला काहीच उरत नाही, नुसती केशर-वेलचीची चव राहते. तळाशी थोडं दूध घालून देतात, तेही प्या. ऊन चढलं की फेस बसतो. दुपारी कोणी मलइयो म्हणून काही देत असेल तर घेऊ नका.

दुपारी: हलकं जेवण. बाटी-चोखा चांगला, चोखा म्हणजे भाजलेल्या वांग्या-बटाट्या-टोमॅटोचं आपल्या भरताच्या जवळ जाणारं प्रकरण. घरगुती जेवणाच्या ठिकाणी थंडीत निमोना विचारा, वाटलेल्या हिरव्या मटारांची दाट आमटी. खर्च वाचवायचा असेल तर अन्नपूर्णा मंदिराच्या अन्नक्षेत्रात पंगतीत बसा. तिथे पैसे मागत नाहीत. ताटात टाकू नका आणि यथाशक्ती दान ठेवा.

चार ते सहा: चूडा-मटर, थंडीतच. पोहे आणि कोवळे मटार तुपात परतलेले. आपल्या पोह्यांसारखे हळद-फोडणीचे नसतात म्हणून काही मराठी माणसं नाक मुरडतात. दोन घास खाऊन बघा.

संध्याकाळी सहानंतर: टमाटर चाट. गोदौलियाच्या आसपास खा आणि पार्सल घेऊ नका, तव्यासमोर उभे राहा. मोठ्या तव्याच्या कडेला शिजून लगदा झालेले टोमॅटो ढीग करून ठेवलेले असतात. गिऱ्हाईक आलं की त्यातला थोडा मध्ये ओढतात, उकडलेला बटाटा कालथ्याने ठेचतात, वरून मसाले, आलं, तूप. कालथा तव्यावर आपटत राहतो. मग ते कुल्हडात पडतं, वर जिऱ्याचा गोडसर पाक आणि चुरलेले नमकपारे, म्हणजे खाऱ्या शंकरपाळ्या. पहिल्या दोन मिनिटांत खाल्लं तर नमकपारे कुरकुरीत लागतात, नंतर मऊ पडतात.

रात्री: लस्सी नको, पोटाला जड होते, ती सकाळी अकराच्या सुमाराला घ्या. रात्री एक पान पुरे. मागताना "मीठा, बिना तंबाकू, बिना जर्दा" असे तिन्ही शब्द वापरा. नुसतं "बनारसी पान" म्हटलं तर काय येईल याचा भरवसा नाही.

इशारा: ठंडाईच्या दुकानात "सादी या भांगवाली?" असं विचारतात. एकट्याने असाल तर "सादी" एवढंच उत्तर. भांग तासाभराने चढते, तोवर तुम्ही गल्लीत किंवा पायऱ्यांवर असता आणि सांभाळायला कोणी नसतं.

दुकान निवडताना नावापेक्षा कढईकडे बघा. गिऱ्हाईक स्थानिक आहे का, तेल काळं पडलंय का, भाजी पातेल्यातून वाढतायत की आधीच भरून ठेवलीय, एवढं पाहिलं तर बस. आणि एका दुकानात एकच पदार्थ, मग पुढे चालायला लागा.

टप्पा ७: नदी, आधी पाण्यावरून, मग पायी

घाट पश्चिम काठावर आहेत, तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडतं, संध्याकाळी ते सावलीत जातात. म्हणून नाव पहाटे. शिवाय गंगा इथे उत्तरेकडे वाहते, म्हणजे अस्सीहून मणिकर्णिका या स्मशानघाटाकडे जाताना नावाड्याला प्रवाहाची साथ मिळते. अस्सीला बसा, पंचगंगा घाटाला उतरा आणि परत चालत या. जाऊन-येऊन भाडं ठरवणं ही पैशाची आणि वेळेची नासाडी आहे, कारण तेच घाट तुम्ही पायी बघणारच आहात.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधी घाटावर असा. थंडीत सूर्य साडेसहा-पावणेसातला उगवतो. वल्ह्याची नाव घ्या, मोटरबोटीच्या आवाजात घंटा ऐकू येत नाहीत. बसण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: भाडं पूर्ण नावेचं की एका सवारीचं, कुठे उतरवणार, किती वेळ. आधीच चार-पाच लोक बसलेल्या नावेत सवारी म्हणून बसणं एकट्याला स्वस्त पडतं.

उतरल्यावर दक्षिणेकडे चालायला लागा. पंचगंगा, ब्रह्मा आणि दुर्गा घाटांच्या मागच्या गल्ल्यांत जुनी मराठी वस्ती आहे. दारावरच्या पाट्या वाचत जा. पुढे नागपूरकरांचा भोसले घाट, मग सिंधिया घाटावरचं कललेलं रत्नेश्वर मंदिर, मग मणिकर्णिका.

मणिकर्णिकेवर थांबायचं तर हात जोडून, कडेला, मोबाइल खिशात ठेवून. तिथे माणसं आपल्या माणसाला निरोप देत असतात. फोटो काढूच नये. "वरून चांगलं दिसतं, या" म्हणत कोणी इमारतीत नेतो आणि मग गरिबांच्या लाकडांसाठी म्हणून मोठी रक्कम मागतो. वर जाऊ नका, "नहीं भैया" म्हणून चालू लागा.

दशाश्वमेधची संध्याकाळची आरती याच दिवशी. वेळ ऋतूप्रमाणे सहा ते सातच्या दरम्यान बदलते. तासभर आधी पायरीवर जागा धरा. आरती पाहायला पैसे पडत नाहीत. संपल्यावर लगेच उठू नका, वीस मिनिटं बसून राहा. चेंगराचेंगरी ओसरते आणि चाटवाल्याकडची गर्दीही.

टप्पा ८: विश्वनाथ, एकट्याने

मोबाइल, स्मार्ट घड्याळ, इअरफोन काहीच आत चालत नाही. पहिल्या वेळी मी हे गृहीत धरलं नाही. प्रवेशद्वाराजवळच्या एका दुकानाने "लॉकर फुकट" म्हणून फोन ठेवून घेतला आणि परत घेताना फुलांच्या परडीचे साडेतीनशे रुपये लावले. फोन त्यांच्या ताब्यात, वाद कोण घालणार?

म्हणून क्रम असा ठेवा:
- आदल्या रात्री फोन खोलीतल्या लॉकरमध्ये टाका.
- पहाटे आंघोळ करून खिशात फक्त ओळखपत्र, दोनशे रुपये आणि तो कागद घ्या.
- गोदौलियापर्यंत ई-रिक्षा, पुढे पायी.
- फुलं-दूध घ्यायचं असेल तर भाव विचारून, चप्पल तिथेच ठेवून.

साधं दर्शन फुकट असतं. सशुल्क सुगम दर्शन हवं असेल तर ते मंदिराच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या, गल्लीत भेटणाऱ्या माणसाकडून नाही. आज उभं असलेलं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलं. रांगेत असताना शिखराकडे एकदा मान वर करून बघा, आत गेल्यावर तेवढी उसंत मिळत नाही.

दर्शनानंतर फोन घेऊन दुपारी भारत कला भवन. लघुचित्रांच्या दालनासाठी दोन तास राखा.

टप्पा ९: गल्ल्या, वस्त्र, गाणं

गल्लीत नकाशा बघत चालू नका. माकडं हातातलं खायचं हिसकावतात आणि मोटारसायकली अंगावर येतात. खाली जाणारा उतार बहुतेकदा घाटावर पोहोचवतो, हे लक्षात ठेवलं की हरवायची भीती जाते. रात्री दहानंतर मात्र आतल्या गल्ल्या टाळा.

मदनपुऱ्यात हातमागाचा खटखटाट ऐकू येतो. रिक्षावाल्याने नेलेल्या साडीच्या दुकानात कमिशन तुमच्याच बिलात असतं, त्यामुळे स्वतः चालत जा. साडी उलटी करून बघा: हातमागावरच्या कढुआ कामात मागे लोंबणारे लांब धागे नसतात, कारण प्रत्येक बुट्टी वेगळी विणलेली असते.

गाण्यासाठी पैसे खर्च करायची गरज नाही. महाशिवरात्रीच्या सुमाराला तुलसी घाटावर ध्रुपद मेळा आणि एप्रिलच्या आसपास संकटमोचन मंदिरात रात्रभर चालणारा संगीत समारोह, दोन्हींना कोणीही जाऊन बसू शकतं. एरवी मुक्कामी विचारा, "आज गाणं कुठे आहे?" उत्तर मिळतंच.

टप्पा १०: सारनाथ आणि परतीची तयारी

शहरापासून दहा किलोमीटर. शेअर रिक्षाने जा, आधी संग्रहालय बघा, मग धमेक स्तूप. उलट केलं तर उन्हात दमून संग्रहालयातला अशोकाचा सिंहशीर्ष घाईत बघितला जातो. चार तास पुरतात, संध्याकाळ अस्सीला घालवा.

परतीच्या दिवशी गाडी कुठे पोहोचली आहे ते सकाळीच बघून घ्या. थंडीत स्टेशनवर पाच तास बसण्यापेक्षा खोली दोन तास जास्त मागून घेतलेली बरी. डब्यासाठी बाटी घ्या, ती दोन दिवस टिकते. चोखा घेऊ नका, आंबतो. घरी न्यायला लाल पेढा किंवा लवंगलता. लवंगलता पाकातली असते, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा घरूनच आणलेला असू द्या.